सासुरवाडीला टाकलेला गळ

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या त्या माणसाला मासेमारीचा नाद लागला तो डॉक्टरांमुळे. दिवसभर दिव्याखाली डोकं घालून परक्यांचे दात घासता घासता त्याची मान आखडून गेली होती. "जरा लांबवर बघायला शिका," डॉक्टर म्हणाले, आणि लांबवर बघण्यासारखं त्या गावात धरणाच्या पाण्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

त्याच पाण्याच्या तळाशी त्याच्या बायकोचं माहेर होतं. धरण भरायला लागलं तेव्हा सगळी वस्ती उठून वर आली. सासरे तेवढे आले नाहीत. "तुम्ही व्हा पुढे, मी कुलूप लावून येतो," म्हणाले आणि राहिलेच. मुलगा, म्हणजे आताचा मेहुणा, तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होता. सासऱ्यांना बोलवायला त्यालाच पाठवलं होतं. तो एकटाच परत आला आणि त्यावर पुढे कधी बोलला नाही. कवळीवाल्याचं लग्न या सगळ्यानंतर झालं, त्यामुळे सासरा त्यानं फक्त फोटोत पाहिलेला. गळ घेऊन निघाला की तो बायकोला म्हणायचा, "चाललो बरं का सासुरवाडीला!" ती हसायची नाही. तरी तो दर वेळी म्हणायचाच.

सामान कुठून घ्यायचं हे मेहुण्यानंच ठरवून टाकलं. मेहुणा फर्निचरच्या दुकानात विक्रेता होता. आवाज असा की कपाटांची दारं आपोआप उघडावीत. त्यानं कवळीवाल्याला हायवेवरच्या मोठ्या दुकानात नेलं. तिथे गळाला लावायचे नकली मासे रंगांप्रमाणे मांडलेले, प्रत्येक मासा पाकिटात, पाकिटावर जबडा वासलेल्या माशाचं चित्र. "जे काही घ्यायचं ते इथूनच घ्या जावईबापू," मेहुणा म्हणाला. "धरणाच्या भिंतीखाली एक म्हातारी बसते, तिच्याकडे फिरकू नका. सगळा जुना माल. आणि खरं सांगू का, धरणावर जाताच कशाला? माझ्याबरोबर नदीवर चला."

पण नदी लांब होती आणि हायवेवरचं दुकान त्याहून लांब. धरणात एक जागा अशी होती की तिथे गळ हमखास अडकायचा. ओढा, सैल सोडा, बाजूला जाऊन हिसका द्या, काही उपयोग नाही. शेवटी दोरा तुटायचा. पाकिटातले सगळे नकली मासे असे एकामागून एक गेल्यावर कवळीवाल्यानं एका रविवारी सकाळी मेहुण्याचा सल्ला गुंडाळून ठेवला आणि भिंतीखालची पायवाट धरली.

दुकान म्हणजे एक ओलसर खोली. भिंतीभर खिळे आणि खिळ्यांना टांगलेले नकली मासे, माशांना भुलवणारे पत्र्याचे चमचे, पिसांचे किडे. पाकीट एकालाही नाही. वापरलेले दिसत होते, पण गंजाचा ठिपका नाही. कुणीतरी मायेनं पुसून ठेवावेत तसे लखलखीत. वास माशांचा नव्हता. बरीच वर्षं बंद असलेल्या घराचं दार उघडल्यावर येतो, तसा होता. म्हातारीनं स्टुलावरून न उठता विचारलं, "लांब टाकता की जवळ?"

"लांब."

तिनं लाल मणी लावलेला एक चमचा काढून दिला.

काठावर येऊन त्यानं तो दोऱ्याला बांधला. त्याची गाठ त्याची स्वतःची होती. कवळीची तार वळवायची सवय हातात बसलेली, म्हणून दोऱ्यालाही तो तसाच उलटा पीळ देऊन टोक आत दडपायचा आणि पकडीनं चपटं करायचा. मेहुणा त्या गाठीला हसायचा. दुपारपर्यंत चमचा नेहमीच्या जागी अडकला आणि गेला.

पुढच्या रविवारी तो चमचा म्हातारीच्या भिंतीवर होता. लाल मणी, आणि वर बोटभर दोरा. दोऱ्याला त्याची गाठ.

"मावशी, हा कुठून आला?"

"आणून देतात."

"कोण? तिथे तर कुणी पोहायलाही उतरत नाही."

"ज्यांच्या अंगणात पडतो ते," म्हातारी म्हणाली. "अंगणात कचरा पडला तर माणूस उचलतोच की. धुऊनपुसून देतात, स्वभावानं चांगले आहेत."

त्याला वाटलं म्हातारीचा एखादा पाणबुड्या पुतण्या असेल, आणि हा धंदा छान जमवलाय दोघांनी. तरी त्या आठवड्यात कामात त्याचं मन लागेना. शेवटी त्यानं हायवेवरून नवाकोरा नकली मासा आणला आणि हिरड्या बनवायच्या गुलाबी मसाल्यानं त्याच्या पोटावर एक दात बसवला. छोटा, खालच्या ओळीतला. जगात असा दुसरा मासा असणं शक्य नव्हतं. मग भर उन्हात धरणाच्या भिंतीच्या मधोमध उभं राहून, अंगात होता तेवढा जोर लावून तो मासा लांब भिरकावला, बुडू दिला, आणि कात्रीनं दोरा कापून टाकला.

रविवारी म्हातारीनं त्याला दारातच हाक मारली. "तुमचा वेगळा ठेवलाय. निरोप आहे बरोबर."

दाताचा मासा तिच्या ओंजळीत होता. गुलाबी मसाला घासूनपुसून चमकवलेला.

"विचारत होते, जावई असे छपरावरून येतात होय? दारानं या म्हणावं."

कवळीवाल्यानं मासा घेतला नाही. आपण जावई आहोत हे त्यानं म्हातारीला कधीच सांगितलं नव्हतं. तो घराकडे निघाला तो जवळजवळ पळतच, आणि भिंतीच्या कडेनं चालताना एकदाही पाण्याकडे बघितलं नाही.

बायको खिडकीपाशी कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यानं सगळं सांगितलं. ती आपल्याला वेड्यात काढणार असं त्याला वाटत होतं. तिनं हातातली घडी पूर्ण केली.

"कोणता शब्द वापरला? नीट आठवा. 'दारानं' म्हणाले, की 'दारातून'?"

"दारानं."

"बाबाच," ती म्हणाली, आणि चप्पल घालायला लागली.

म्हातारीच्या दुकानाच्या उंबऱ्याबाहेरच तो थांबला. बायको आत गेली. म्हातारीनं तिच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच स्टुलावरून उठली. दोघी हळू बोलत होत्या. शेजारणी बोलतात तशा, मध्येच एखादी मान हलवत. बायकोचं एवढंच बोलणं त्याला ऐकू आलं: "निरोप द्या, जावयाला बोलवायचं नाही. त्याला पोहता येत नाही. मी आहे ना." मग दाताचा मासा मुठीत घेऊन ती बाहेर आली. काठाशी जाऊन तिनं तो हातानंच पाण्यात टाकला. जोरात नाही, शेजारच्या माणसाला काही द्यावं तसा. पाण्यावर एकही तरंग उठला नाही. कवळीवाला तेवढ्यानंच हादरला. घरी येईपर्यंत त्यानं बायकोचा हात सोडला नाही.

त्यानंतर तो धरणावर गेला नाही. मेहुण्याबरोबर नदीवर जाऊ लागला, सामान हायवेवरून घेऊ लागला. नदीत अडकलेला नकली मासा नदीतच राहायचा, आणि त्याला त्याचं इतकं बरं वाटायचं की मेहुणा बुचकळ्यात पडायचा.

बायको मात्र अधूनमधून दुपारची एकटीच म्हातारीच्या दुकानात जायची. एखादा नकली मासा विकत घ्यायची आणि रिकाम्या हातानं परत यायची. परत आली की चेहरा असा की चार दिवस माहेरी राहून आली असावी. स्वयंपाक करता करता बातम्या सांगायची. बाबांचा गुडघा आता दुखत नाही. शेजारच्यांनी भिंत रंगवली. कवळीवाला ऐकून घ्यायचा. कितीदा तरी विचारायचं म्हणून तोंड उघडलं, आणि दर वेळी मीठ मागितलं.

एके दिवशी मेहुणा घरी आला होता. व्हरांड्यात बसून रिळाचा गुंता सोडवत होता. बायको नुकतीच बाहेरून आली होती, केस ओले होते. ती सहज म्हणाली, "बाबांनी मागचं दार काढून रुंद केलंय रे दादा."

कवळीवाल्याला वाटलं, आता तो कपाटांची दारं उघडणारा आवाज निघणार. मेहुण्यानं गुंता तसाच मांडीवर ठेवला. अगदी लहान आवाजात त्यानं विचारलं, "माझ्याबद्दल काही विचारतात?"

"विचारतात की. तू का येत नाहीस म्हणतात. रागावलेले नाहीत."

मेहुण्यानं तोंडावरून हात फिरवला. "पाणी फार थंड असतं का गं?"

"सुरुवातीला वाटतं," ती म्हणाली आणि टॉवेलनं केस पुसू लागली. "मग सवय होते."