ताईने मला उघडले तेव्हा

मित्रांनो, टेबलावर सुटा सुटा मांडलेला हा पसारा म्हणजेच मी, एक जुना मायनर, संगणकासारखे एक यंत्र. आभासी चलनाचे व्यवहार तपासायचे आणि खरे ठरले की त्यांवर कायमचे शिक्कामोर्तब करायचे, हे माझे काम. माझ्यासारख्यांशिवाय या चलनाचे पान हलत नाही. थोडी बढाई मारतो आहे, पण म्हाताऱ्याचा तेवढा हक्क आहे.

परदेशातल्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी भावंडांबरोबर एका छोट्या जलविद्युत केंद्राच्या शेडमध्ये आलो. आम्हाला आणणारी ताई वीज अभियंता होती. शेजारीच तिच्या सासऱ्यांचे सुतारकाम चाले. आम्हाला बघून ते म्हणाले, "सूनबाई, ना हातात धरता येत, ना खिशात ठेवता येत. असला कसला पैसा?"

"मामंजी, आज लोक हसतायत. उद्या देश देशाशी यावरच व्यवहार करतील. तेव्हा यंत्रं दुसऱ्याची असली, तर आपण त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचं का?"

त्या दिवसापासून मी तिचा झालो.

मग चलनाचा भाव कोसळला. नातेवाईक म्हणाले, आतातरी विकून टाक. ताई बधली नाही. मामंजींना मात्र माझा वेगळाच उपयोग सापडला. "अरे, ही तर फुकटची भट्टी!" म्हणत त्यांनी आमच्यापासून आपल्या कामाच्या जागेपर्यंत पंख्याचा पाइप जोडला आणि माझ्या गरम हवेवर ओल्या फळ्या वाळवू लागले. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते माझे कौतुक सांगत. एकदा पाइपातला पंखा पुसून त्यांनी परत बसवला, तो नेमका उलटा. गरम हवा तिकडे जायची सोडून लाकडाचा भुसा इकडे आला. आम्ही गुदमरलो. एकामागून एक सगळ्यांचे बोर्ड जळाले.

ताईने कंपनीकडे नवे बोर्ड मागितले. तुमच्या देशाला माल देणे बंद केले आहे, असे उत्तर आले. केंद्राने शेड रिकामी करायला सांगितली. भंगारवाला दारात येऊन उभा राहिला. मामंजींची मान वर होईना. "माझ्यामुळे झालं गं सगळं."

"झालं ते झालं. आता बोर्ड आपणच बनवायचा," ताई म्हणाली. "पण त्यासाठी एका यंत्राचा बोर्ड थर न् थर सोलावा लागेल. ते पुन्हा चालणार नाही."

तिचे बोट माझ्यावर थांबले. मामंजी पुढे झाले. "हा नको गं. हा आपल्या घरचा झालाय."

"म्हणूनच, मामंजी. याची नस न् नस मला माहितीये."

मला भीती वाटली, खोटे कशाला बोलू? पण अभिमान त्याहून मोठा होता. माझे थर उकलत ताईने रेघ न् रेघ टिपली. तिचा पहिला बोर्ड धूर सोडून गेला. दुसरा बसवला आणि माझ्या शेजारचे भावंड घरघरत जागे झाले. मामंजींनी डोळे पुसले. भंगारवाला रिकाम्या हाताने परतला.

केंद्राने शेड ताईकडेच राहू दिली. आता ती इथे तुम्हा मुलांना शिकवते. बोर्डावरची चिप अजून परकी आहे, पण तीही इथेच बनेल, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मित्रांनो, दुसऱ्याने बनवलेली यंत्रे जरूर वापरा, जपून वापरा, पण ती चालू आहेत तोवरच समजून घ्या. मला उघडण्याआधी ताईने माझ्यावरचा भुसा हलकेच पुसला होता. पुढचे यंत्र असे सोलायची वेळ कुणावर येऊ नये.