खळ्यावरची रिकामी खुर्ची

माझा भाचा पिएरोस अथेन्समधला नावाजलेला नट. ट्रॉयच्या युद्धाचं अख्खं महाकाव्य तो एकटाच उभं करतो. राजे, बायका, घोडेसुद्धा. यंदा त्याला हुक्की आली, की खेळ आपल्या गावातच करायचा, तोही खळ्यावर.

माझ्या बहिणीला, लिगेरीला, हे नकोच होतं. पण नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण फक्त आम्हा दोघींना ठाऊक. तिच्या नवऱ्याने ऑलिव्हच्या बागेच्या बांधाच्या भांडणात गावातल्याच दिकेओसच्या थोरल्या मुलाला गोळी घालून मारलं होतं. लावा पक्ष्यांच्या शिकारीचे दिवस होते, त्यामुळे गावाने खापर शहरी शिकाऱ्यांवर फोडलं. पुढे नवरा मेला तो अंथरुणात, सुखाने. आमच्याकडे बाप सुटला तर सूड मुलावर येतो. म्हणून लिगेरीने पोराला काही न सांगता लहानपणीच अथेन्सला धाडलं. तिथेच तो वाढला, गावच्या रीतीभातींना परका होऊन.

"शेवट काय रे नाटकाचा?" मी दुपारी विचारलं.

"म्हातारा राजा शत्रूच्या तंबूत जातो, मावशी. ज्याने आपलं पोर मारलं त्याच्यापुढे गुडघे टेकतो, त्याच्या हाताचं चुंबन घेतो आणि प्रेत परत मागतो."

लिगेरीच्या हातातलं ताट खाली पडलं. आमच्याकडे हे उलटं असतं. खून करणाऱ्या घरचं माणूस उघड्या डोक्याने येतं आणि मेलेल्याच्या बापापुढे गुडघे टेकून त्याचा हात चुंबतं. बापाने तो हात त्याच्या डोक्यावर ठेवला तर वैर मिटलं. मागे घेतला, तर नाही.

"कुणाचा हात धरणार तू?" लिगेरीने विचारलं.

"कुणाचाच नाही, आई. समोर रिकामी खुर्ची ठेवणार. तू कशाला एवढी धास्तावतेस? मी काय पहिल्यांदा उभा राहतोय?"

आमचा जीव भांड्यात पडला.

ऊन उतरलं तसं सगळं गाव खळ्याभोवती जमलं. शहरात रिकामी खुर्ची म्हणजे नाटक असेल, आमच्या गावात तो उभ्या म्हाताऱ्याचा अपमान. पिएरोस पाठमोरा होऊन राजपुत्राचं मरण रंगवत होता, तेवढ्यात कॉफीवाल्याने दिकेओसला दंडाला धरून आणलं.

"बसा काका, पुढेच बसा. तरणीताठी कार्टी बसलीत आणि तुम्ही उभे?"

मी उठेपर्यंत म्हातारा बसलाही होता. आता त्याला उठवायचं तरी काय सांगून?

पिएरोस वळला. खुर्चीत माणूस बघून त्याचे डोळे चमकले. नटच तो मेला. त्याने डोक्यावरची टोपी काढली, गुडघे टेकले आणि दगडांवरून रांगत निघाला. बायकांचे पंखे थांबले. मागच्या भिंतीवर बसलेले दिकेओसचे दोघे धाकटे मुलगे उठून उभे राहिले. तरीही ते नाटक होतं, सगळ्यांना कळत होतं. गप्प बसलो असतो तर निभावलं असतं, असं मला अजून वाटतं.

"नको!" लिगेरी किंचाळली. "पोरा, त्याचा हात धरू नकोस!"

पिएरोसचे ओठ म्हाताऱ्याच्या हाताला लागले होते. दिकेओस त्याच्याकडे बघतच नव्हता. तो माझ्या बहिणीकडे बघत होता.

"पोरगं नाटक करतंय, लिगेरी," तो म्हणाला. आवाज अगदी साधा, बाजारात भाव विचारावा तसा. "तू का ओरडलीस?"

मी तिला चिमटा काढला. बोल बाई, काहीही बोल. तिने डोक्यावरचा काळा रुमाल काढला, उघड्या डोक्याने खळं ओलांडलं आणि मुलाशेजारी गुडघे टेकून तोच हात ओठांना लावला.

"आई, अगं अजून संपलं नाही," पिएरोस कुजबुजला.

म्हाताऱ्याचा हात पोराच्या केसांपर्यंत आला. तिथे थांबला. ठेव म्हणत होते मी मनात, ठेव रे बाबा. दिकेओसने हात मागे घेतला आणि कोटाच्या खिशात घातला.

गावातलं कुणी हललं नाही. अथेन्सहून आलेल्या पाहुण्यांनी मात्र टाळ्यांचा कडकडाट केला, आणि माझा भाचा हसतमुखाने उठून त्यांच्यापुढे वाकला.