नऊ वर्षांनी घाटाखाली

फोंडा घाटाच्या अर्ध्या उतारावर जोतीरामनं मोटरसायकल कडेला घेतली. मागून आलेल्या जीपवाल्यानं मान बाहेर काढली. "काय ओ पावणं, बंद पडली काय?"

"न्हाय, न्हाय. चालू हाय की."

गाडीला काहीच झालं नव्हतं. पुढं जायचा धीर होत नव्हता.

जन्मभर त्यानं गारगोटीच्या पंचक्रोशीत पाण्याच्या मोटारी दुरुस्त केल्या. सकाळपासून वेदगंगा, दूधगंगा, भोगावती ओलांडून झाल्या; तिन्ही नद्यांच्या काठचे पंप त्याच्या हाताखालून गेलेले. घाट मात्र तो कधी उतरला नव्हता. नऊ वर्षांपूर्वी स्वप्नालीनं, त्याच्या एकुलत्या एका लेकीनं, आपल्या मनानं कोकणात लग्न केलं, तेव्हा तो फोनवर ओरडला होता, "तुझा बा मेला आसं समज!" आज निघताना बायको, चिमणाबाई, एवढंच म्हणाली, "बोलली न्हाय तरी चालंल. डोळ्यानं बघून तरी या."

दुपारी गड नदीपलीकडच्या वाडीत त्याला घर सापडलं. ओट्यावर स्वप्नालीची सासू सुपाऱ्या सोलत बसली होती.

"खंयसून इलास?"

"गारगोटीस्नं. स्वप्नालीच्या म्हायारचा."

"अगो बाय! इतक्या वर्सात कोण इला नाय. बापूस तर तिचो लग्नाआदीच गेलो, नाय?"

जोतीराम जागीच थबकला. आतल्या दारात स्वप्नाली येऊन उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिच्याकडं न बघता तो म्हणाला, "व्हय. मी चुलता तिचा."

म्हातारीनं अगत्यानं पाट मांडला. तो जेवत असताना समोर बसून विचारलं, "कसो होतो ओ बापूस?"

जोतीरामनं घास गिळला. "हट्टी हुता. कामाला चोख, पर पोरीसंगं बोलायचं कळलं न्हाय त्याला."

भाताचं पातेलं घेऊन स्वप्नाली स्वयंपाकघरातून आली. त्याचं बोलणं तिनं आतून ऐकलं होतं. मग सासूकडं वळून म्हणाली, "आई, मी खोटं सांगितलेलं. हेच माझे वडील."

मग ती जोतीरामच्या ताटाशी वाकली.

"आबा, भात घ्या."

त्यानं ताट पुढं केलं. तिनं वाढला, आणखी वाढला, वाढतच राहिली. त्यानं ताट मागं घेतलं नाही.