वेणूबाईंच्या हातातून केसरच्या हातात

मी एक जुना पितळी प्याला आहे. मित्रांनो, आज मला पाहिलंत तर तुम्ही नाक मुरडाल. माझी कड एका बाजूला चेपली आहे, आतली कल्हई उडाली आहे आणि तळाशी कितीही घासलं तरी न जाणारे हिरवट डाग धरले आहेत. पण कधी काळी याच अंगावर नव्वद माणसांची बोटं फिरत आणि प्रत्येक जण मला दोन्ही हातांनी धरत असे. म्हणून माझं ऐका. मी फार गोड बोलणार नाही.

पेणच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. तिथून मी म्हसळ्याच्या पुढे, खाडीकाठच्या एका गावात आलो. तिथे ख्रिस्ती मंडळींची वीस-बावीस घरं आणि एक कौलारू प्रार्थनामंदिर. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. तांदळाची एक मोठी भाकरी मोडत आणि काळ्या मनुका भिजवून, कुस्करून काढलेला रस माझ्यात ओतत. नाताळच्या आधी बाजारातला कल्हईवाला भाता मारून मला आतून पांढराशुभ्र करून देई. कल्हई नसली की पितळेत आंबट रस कळकतो आणि पिणाऱ्याला बाधतो.

या मंडळीची एक रीत होती. जुन्या उपदेशकांनी ती घालून दिली होती. शास्त्रात शिकवलं आहे ना, की देवापुढे काही घेऊन जाताना भावाचं मन दुखावल्याचं आठवलं तर आधी मागे फिरावं, त्याच्याशी समेट करावा आणि मगच देवाकडे यावं? ते पुष्कळ ठिकाणी नुसतं वाचतात. इथे ते करत. सगळे घरांच्या क्रमाने चटईवर बसत. आपण घोट घेतला की शेजाऱ्याचं नाव घेऊन "हे तुझ्यासाठी" म्हणायचं आणि मला त्याच्या हातात द्यायचं. मनात काही अढी असेल तर मला चटईवर ठेवायचं, दोघांनी बाहेर चिंचेखाली जायचं, बोलायचं आणि परत यायचं. तोवर कुणीही उठायचं नाही. "प्याला थांबलाय, आपणही थांबू," असं उपदेशक म्हणत आणि डोळे मिटून बसत.

वेणूबाई आणि केसर या दोघी जावा. वेणूबाई थोरली, अंबाजीची बायको. केसर धाकटी, तुळशीरामची. घरं शेजारी, म्हणून चटईवरही शेजारी. केसर नवी सून असताना तिच्या कोंबडीने वेणूबाईची वाळत घातलेली मांदेली फस्त केली. पंधरा दिवस दोघींचा अबोला. पहिला रविवार आला आणि मी त्यांच्या मधोमध चटईवर थांबलो. दोघी बाहेर गेल्या. आत आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"वैनी, कोंबडी मी न्हाय सोडली."

"मंग कुणी सोडली? तिच्या बापानं?"

आणि दोघी अशा हसत सुटल्या की आतली सगळी मंडळी हसू लागली. खुद्द उपदेशकांना खांदे हलवत हसताना मी तेव्हा एकदाच पाहिलं. दोघी डोळे पुसत आत आल्या. वेणूबाईंच्या हातातून मी केसरच्या हातात गेलो. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला रविवार होता. पुढे उपदेशक वारले, पण रीत राहिली.

मला धुऊन महिनाभर घरी ठेवण्याची पाळी बायकांमध्ये फिरत असे. कोरोना आला त्या वर्षी मार्चची पाळी केसरची होती. टाळेबंदी लागली, मंदिराला कुलूप पडलं आणि मी तिच्याच फळीवर राहिलो. तुळशीराम मुंबईला एका खानावळीत स्वयंपाकी होता. मे महिन्यात तो गावी आला, चौदा दिवस शाळेत वेगळा राहिला आणि मग घरी आला. त्यानंतर चारच दिवसांनी ते वादळ झालं.

तीन जूनची दुपार. केसरच्या घराचे पत्रे एकामागून एक उडाले. तुळशीराम औषध आणायला खालच्या वाडीत गेलेला, तो तिथेच अडकला. केसरने दोन्ही लेकरांना पोटाशी धरलं, मला उचललं आणि शेजारच्या थोरल्या जावेच्या दाराशी आली. हाताने ठोठावलेलं वाऱ्यात ऐकू जाईना, म्हणून तिने माझ्या कडेने दार ठोठावलं. कितीदा ते मला आठवत नाही. माझी कड चेपली ती तेव्हा.

"वैनी, दार उघडा! पत्रे गेले! पोरं हायत माझ्यासंगं!"

आतून वेणूबाईंचा आवाज आला. "केसर, तुळशीराम मुंबईवरनं आलाय. ह्यांना दमा हाय. मी न्हाय दार उघडायची. तू शाळेत जा."

"वैनी, शाळेपातूर पोरं न्हाय पोचायची!"

दार उघडलं नाही. पण दाराला टेकून कुणीतरी उभं होतं, हे मला कळत होतं.

त्या दिवशी दार उघडलं ते पलीकडच्या घराने. महेरुन्निसाच्या घराला स्लॅब होता, नवरा आखातात होता आणि आत खोकणारे म्हातारे सासरे होते. भ्यायचं कारण तिलाही तेवढंच होतं. तिने केसरला हाताला धरून ओढलं. "आत ये गो, बघत काय उभी ऱ्हायलीस? पोरं कुडकुडतायत." तिने लेकरांना कोरडे कपडे दिले. मलाही तिने धुतलं आणि "ही तुमची इबादतची चीज ना?" असं विचारून वरच्या फळीवर सरळ ठेवलं. कुणी आजारी पडलं नाही. पण ते नंतर कळलं, आणि नंतर कळलेल्याचा उपयोग नसतो.

मंदिर उघडलं तेव्हा नवे पाळक आले होते. त्यांचं नाव कमलेश. रोगाच्या भीतीने माझी जागा प्लास्टिकच्या बोटभर प्याल्यांनी घेतली. ज्याचा त्याचा वेगळा. पहिल्याच महिन्यात कमलेश पाळकांनी वाटेवर जखमी पडलेल्या माणसाचा दाखला सांगितला. आपले म्हणवणारे बाजूने निघून गेले आणि परक्या जातीच्या माणसाने त्याला उचललं, तो दाखला. चटईवरच्या प्रत्येकाला कळलं की हे गावात घडलं आहे. वेणूबाईंनी मान खाली घातली. बाकीच्यांनी मान डोलावली, घरी गेले आणि जेवायला बसले. शास्त्र ऐकायला आमची मंडळी फार हुशार आहे.

दोन वर्षांनी भीती ओसरली. जुन्या माणसांनी आग्रह धरला आणि मी पुन्हा बाहेर आलो. उरल्यासुरल्या कल्हईवर रस ओतला गेला. मी फिरत फिरत वेणूबाईंकडे आलो. त्यांनी घोट घेतला आणि मला पुढे केलं. "केसर, हे तुझ्यासाठी."

केसरने हात पुढे केले नाहीत. "वैनी, आधी बाहेर चला."

"बाहेर कशाला? घरात दम्याचा माणूस व्हता. मी काय गुन्हा केला?"

"गुन्हा न्हाय म्हणत मी. नुसतं म्हणा, चुकलं."

"न्हाय चुकलं माझं."

त्यांनी मला चटईवर ठेवलं. मंडळी थांबली. खरं सांगतो, मला आशा होती. कोंबडीच्या वेळेलाही सुरुवात अशीच झाली होती. वेणूबाईंची बोटं पदराशी चाळा करत होती, ओठ एकदा हललेही. आणखी थोडा वेळ मिळाला असता तर त्या उठल्या असत्या, असं मला आजही वाटतं. पण कमलेश पाळकांना दुपारी तळा गावात दुसरी उपासना घ्यायची होती आणि एसटी चुकणार होती. त्यांनी घड्याळ पाहिलं. "आज लहान प्याल्यांनी घेऊ. प्रभू मन पाहतो," ते म्हणाले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. दोघींनी आपापला प्याला घेतला आणि शेजारी शेजारी बसून प्यायल्या.

पाळक वाईट नव्हते, दमलेले होते. पण त्या दिवशी मंडळीला एक सोय सापडली. अबोला मोडल्याशिवायही प्रभुभोजन घेता येतं, हे कळलं. त्यानंतर मला कुणी बाहेर काढलं नाही. मी कपाटात नाताळच्या कागदी चांदण्यांखाली पडून राहिलो. कल्हईवाला यायचा बंद झाला. अंबाजी दम्यानेच गेला. केसरने पेज पाठवली, पण ती स्वतः गेली नाही.

गेल्या सप्टेंबरात कपाट उघडलं. समोर वेणूबाई होत्या. मी त्यांना ओळखलं नाही. पोटाच्या दुखण्याने त्या अर्ध्या झाल्या होत्या आणि डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. त्यांनी पाळकांकडून चावी मागून आणली होती. मला चिंचेने घासलं. आत रस घातला नाही, तो कळकला असता. मला रिकामाच पदराखाली धरलं आणि निघाल्या. वाटेत दोनदा बसल्या.

केसरच्या दाराशी त्यांनी मला उंबऱ्यावर ठेवलं आणि बोटांनी दार ठोठावलं. माझ्या कडेने नाही. ती चेपलेली जागा त्यांनी अंगठ्याने बराच वेळ चाचपली होती.

"केसर, मी वेणू. दार उघड. चुकलं माझं."

आत पावलं आली. कडी हलली.

मग आतून केसरचा आवाज आला. "पोरं भिजत व्हती तवा मी जेवढा वेळ उभी व्हते, तेवढा वेळ तुम्ही उभ्या ऱ्हावा. मंग उघडते."

तिला दार उघडायचं होतं, मित्रांनो. हे मी शपथेवर सांगतो. तिला फक्त आपला हिशोब आधी पुरा करायचा होता. वेणूबाई चौकटीला धरून उभ्या राहिल्या, मग त्यांचा हात सुटू लागला. महेरुन्निसाने अंगणातून पाहिलं आणि धावत आली. "या, माझ्या खांद्यावर हात टाका," म्हणत तिने त्यांना धरून घरी नेलं. केसरने दार उघडलं तेव्हा उंबऱ्यावर फक्त मी होतो.

"उद्या जाते," ती मला म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन वेणूबाईंच्या अंगणाच्या फाटकापर्यंत गेली आणि परत आली. तिसऱ्या दिवशीही तसंच झालं. चौथ्या दिवशी सकाळी मंदिराची घंटा वाजली. ती कुणासाठी वाजत होती, ते तिला कुणी सांगावं लागलं नाही.

आता मी केसरच्या खिडकीत असतो. दर शनिवारी ती मला चिंचेने घासते. कुणी पिणार नसलं तरी घासते. एकदा महेरुन्निसा तिला म्हणाली, "मनात हाय ते मला सांग, केसर. हलकी होशील."

"तुला काय सांगू?" केसर म्हणाली. "तू तर दार उघडलंस."

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती मंदिरात जाते. शेजारची जागा रिकामी असते. ती आपला लहान प्याला उचलते, पिते आणि घरी येते. तिला कुणी थांबवत नाही. मी असतो तर थांबवलं असतं.

मित्रांनो, मला पुन्हा कल्हई करा असं मी म्हणत नाही. करणारा उरला नाही, आणि ज्या दोन हातांसाठी मी थांबलो होतो त्यातला एक मातीखाली गेला आहे. तुमच्याकडे एवढंच मागतो. कुणाच्या दाराशी जायचं असेल तर आज जा. आणि कुणी तुमच्या दाराशी येऊन "चुकलं" म्हणालं, तर आतून वेळ मोजू नका. कडीवर हात असतानाच दार उघडा.