माणशी तीस लिटर

पाणीपुरवठा खात्याच्या नूतन पर्यावरणस्नेही इमारतीत एका पंपचालकाची तहान कशी मोजली गेली, ते मी येथे यथाशक्ती निवेदन करणार आहे. वाचकांनी मन घट्ट करून वाचावे.

पंपचालकाने नळाखाली पेला धरला, तोच मागून हजेरी कारकुनाने हात घालून तोटी बंद केली.

"साडूभाऊ, हा तिसरा."

"डॉक्टरांनी सांगितलंय. मुतखडा आहे मला."

"मला ठाऊक आहे रे. फलकाला कुठं ठाऊक आहे?"

तो फलक प्रवेशद्वारापाशी होता. इमारतीत वापरलेले पाणी भागिले हजर माणसे, हे गणित यंत्र स्वतःच करी आणि उत्तर हिरव्या नाहीतर लाल अंकांत दाखवी. छतावर सौरपट्ट्या होत्या, भिंती मातीच्या विटांच्या होत्या, वारा असा खेळे की पंख्याची आठवण होऊ नये. केवळ माणशी तीस लिटरच्या आत येणे राहिले होते, आणि प्रमाणपत्र देणारे परीक्षक महिनाअखेरीस यावयाचे होते. तळघरातील पंप अवघ्या शहराला पाणी पाजीत अहोरात्र घुमत. परंतु ते पाणी या हिशेबात धरीत नसत.

आकडा एकतिसावर अडला, तेव्हा दोष कोणाचा याचा शोध सुरू झाला व तो फार लांब गेला नाही. पंपचालक अंगाने काडी. तथापि त्याचे नाव 'रांजण' पडले.

"रांजणा, शहराला थोडं शिल्लक ठेव रे बाबा!"

"हा बघा, पुन्हा निघाला लघवीला. धरा रे कुणीतरी आकडा!"

तोही त्यांच्याबरोबर हसे. एके दिवशी साहेबांनी त्याला दालनात बोलावले, खुर्ची दिली आणि अत्यंत मृदू स्वरात सांगितले, "घरून पिऊन येत जा. आणि बाकीचंही, शक्यतो, घरीच."

त्याने आज्ञा शिरोधार्य मानली. घरूनही तो पिईना, कारण प्यायले की जावे लागे. पुढे एका दुपारी तो कंबर धरून पंपाच्या बटणफळीखाली बसला, तेव्हा कोणीतरी म्हणाले, "नाटकं पुरे रे!" तो आडवा झाला, तेव्हा मात्र त्याला उचलून रुग्णालयात नेले.

मूत्रपिंडे निकामी होत चालली होती. दुसऱ्या दिवशी कारकुनाने साडूच्या खणातून त्याचे ओळखपत्र काढले व हजेरीयंत्राला लावले. इमारतीत माणसे ती वीस-बावीस. त्यांत न पिणारे एक डोके वाढले की भागाकार उतरतो. फलक हिरवा झाला. साहेबांनी कारकुनाची पाठ थोपटली व काही विचारले नाही.

"भावोजी, पगार तुटू दिला नाहीत," रुग्णालयात पंपचालकाची बायको म्हणाली. "असा साडू नशिबानं मिळतो." खाटेवरून रुग्णाने हात जोडले. कारकून आणलेली सफरचंदे पुनःपुन्हा नीट मांडीत राहिला.

परीक्षक आले त्या सकाळी पंपचालकाची बायको इमारतीत आली. केस विस्कटलेले, पायांत दोन वेगळ्या चपला.

"भावोजी, हे गेले. पहाटे."

परीक्षक साहेबांसह छतावर सौरपट्ट्या पाहत होते. कारकुनाने तिला दंडाला धरून फलकासमोरच्या बाकावर बसवले.

"ताई, आणखी कुणाला कळलंय?"

"कुणालाच नाही. आधी तुमच्याकडेच आले."

"बरं केलंत." त्याने आवाज उतरवला. "आज त्याची हजेरी लागलीय. हे आत्ता उघड झालं तर माझी नोकरी जाईल, आणि तुम्हाला खात्यातून छदाम मिळणार नाही. आजचा दिवस निभावू द्या. तुमच्या लेकीला साहेब इथंच नोकरीला चिकटवतील. मी शब्द घेतो त्यांचा."

"आज कसली हजेरी?"

त्याने सांगितले. माणसे किती, पाणी किती, आकडा कसा उतरतो, सर्व सांगितले. तिने पूर्ण ऐकून घेतले.

"म्हणजे ती हजेरी पगारासाठी नव्हती?"

कारकून अंगठ्याने ओळखपत्राची कड पुसू लागला.

इतक्यात जिन्यावर पावले वाजली. साहेबांसह खाली उतरलेल्या परीक्षकांतील एक वयस्क बाई बाकापाशी थांबल्या.

"तुम्ही कुणाकडे आलात?"

कारकुनाने ओळखपत्र मुठीत झाकले. तिने एकवार त्याच्याकडे पाहिले आणि केस कानांमागे सारले.

"आमचे हे इथं पंप चालवतात."

"अरे वा! आज कामावर आहेत?"

"हजर आहेत." तिने समोरच्या हिरव्या फलकाकडे पाहिले.

"मग डबा द्यायला आलात वाटतं?"

"नाही," ती म्हणाली. "न्यायला आलेय त्यांना."

साहेब कौतुकाने हसले. "आज जरा उशीर होईल हं त्यांना, वहिनी."

"थांबते," ती म्हणाली, आणि बाकावर थोडी सरकून तिने परीक्षक बाईंना बसायला जागा केली.

एवढे निवेदन करून लेखणी खाली ठेवतो. आपण वेळ काढून वाचलेत, याबद्दल मी आपणां सर्वांचा ऋणी आहे.

— फिटरनाना