बेनिटाचा उजेड

बेनिटाला पॅरिसमध्ये बक्षीस मिळालं आणि मॅथ्यू डाबरेची झोप उडाली. बक्षीस उत्तम प्रकाशयोजनेचं होतं. सिनेमा मात्र प्रौढांचा होता, म्हणजे दाराला कडी लावून बघायचा असतो तसला. हे बहरीनमध्ये एकट्या मॅथ्यूला ठाऊक होतं.

मॅथ्यू राजधानीत, मनामातल्या एका हॉटेलात लग्नाचे आणि परिषदांचे लाइट-साउंड बघतो. कुठला दिवा चेहऱ्याची चुगली करतो आणि कुठला सांभाळून घेतो, हे बेनिटाला, आपल्या पोरीला, त्यानेच शिकवलं. आता ती फोनवर त्याला शिकवायची.

"पप्पा, आमच्याकडे घाई नसते. एका खोलीचा रंग आवडेपर्यंत बदलला. स्वस्त लाइटमध्ये सावळी स्किन राखाडी दिसते, म्हणून मेकअपवाली आणि मी अख्खा दिवस टेस्ट करतो. चादर खऱ्या रेशमाची, नायलॉन फार चमकतं. आणि अ‍ॅक्ट्रेस नको म्हणाली की शूट बंद. खलास."

मॅथ्यू ऐकताना हरखून जायचा. फोन ठेवला की त्याला लाज वाटायची, आणि आपण हरखलो याची तर जास्तच. तिचं काम त्याने कधी पाहिलं नव्हतं. इथे तसल्या साइट उघडत नाहीत, आणि उघडल्या असत्या तरी बापाने कसं बघायचं?

बायकोला, जॅकलीनला, त्याने 'आर्ट फिल्म' एवढंच सांगून ठेवलं होतं. तिने बक्षिसाचा फोटो वसईकरांच्या ग्रुपवर टाकला, शुक्रवारी चर्चमध्ये आभाराची मिस्सा ठरवली, आणि मिस्सेनंतर हॉलमध्ये केक. आम्हा लोकांना केक कापल्याशिवाय पोरांचं यश पचतच नाही. ग्रुपचा सेक्रेटरी क्रेग म्हणाला, "मॅथ्यूअंकल, प्रोजेक्टर तुम्हीच आणा. बेनिटाला लाइव्ह घेऊ. यल्ला, चला, मोठ्या पडद्यावर!" मॅथ्यूने हॉटेलातला प्रोजेक्टर मागून ठेवला.

त्याने पोरीला फोन केला. "बाय, कुणी विचारलं तर काय सांगशील?"

"खरं सांगेन. मला लाज नाही वाटत, पप्पा. मम्मीशी खोटं बोलायचा कंटाळा आलाय. तुम्ही माझ्या बाजूने उभे राहाल ना?"

"राहीन ना," तो म्हणाला. बाप दुसरं काय म्हणणार?

शुक्रवारी हॉल गच्च भरला. फादर पहिल्या रांगेत, शेजारी नव्या ड्रेसमधली जॅकलीन. पडद्यावर बेनिटा आली. तिने खिडकीशी बसून चेहऱ्यावर एका बाजूने मऊ उजेड घेतला होता. टाळ्या थांबेनात. जॅकलीन आनंदाने रडत होती. एका बाईने माइक ओढून घेतला. "बाय, पिक्चरचं नाव तरी सांग! आम्ही पण बघू की."

बेनिटाने क्षणभर बापाकडे पाहिलं. लॅपटॉप त्याच्यासमोरच होता.

"आंटी, आधी एक सांगते. मी जिथे काम करते ती कंपनी..."

मॅथ्यूचा हात साउंड मिक्सरवर होता. तिच्या आवाजाचं बटण त्याने खाली ओढलं.

"नेटचा प्रॉब्लेम," तो म्हणाला. मॅथ्यूचा साउंड गेलेला आजवर कुणी पाहिला नव्हता, म्हणून सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला.

पडद्यावर बेनिटा बोलतच होती. मध्येच तिने हात वर करून दिवा कुठे टांगला ते दाखवलं, मग भिंत, मग स्वतःचा गाल. इतकं मनापासून ती बापाशीच बोलायची. "अंकल, पिक्चर आहे, आवाज मफी, काहीच नाही!" क्रेग ओरडला. मॅथ्यू वायरी चाचपडत राहिला. बटण वर सरकवायचं, एवढंच काम होतं. त्याने जॅकलीनच्या ओल्या, हसऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हात हलेचना. स्वतःची इतकी चीड त्याला कधी आली नव्हती.

हॉलमधलं सगळं बेनिटाला स्वच्छ ऐकू जात होतं. नेट गेलं असतं तर तेही गेलं असतं, हे साउंडवाल्याच्या पोरीला कुणी सांगायला नको. ती बोलायची थांबली. कॅमेऱ्यातून तिने बापाकडे बराच वेळ पाहिलं. मग कानाला हात लावला, मान हलवली, हसली, आणि आपल्यालाही काही ऐकू येत नाही असं खुणेने सगळ्यांना सांगितलं.

"बिचारी," जॅकलीन म्हणाली. "तिला पण ऐकू येत नाही, मॅथ्यू."

"हो," मॅथ्यू म्हणाला.