बूट घातले की ऑफिस

सकाळचं सगळं आवरलं की सूनबाई बूट घालायची आणि घराबाहेर पाऊल न टाकता ऑफिसला जायची. ऑफिस म्हणजे झोपायच्या खोलीतल्या कोपऱ्यातलं इस्त्रीचं टेबल. वॉशिंग मशीनच्या कंपनीत गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या आणि मिटवायच्या, हे तिचं काम. पायात बूट असेपर्यंत कोणी हाक मारायची नाही, असा नियम तिनंच केला होता. अर्थात तो पाळत कोणीच नव्हतं.

"घरात बूट घालून बसतेस, शोभतं का?" सासूबाई विचारायच्या.

"मी घरात नाहीये, आई."

"मग ऑफिसातून येता येता तेवढा गॅस बंद कर."

घरून काम म्हणजे नुसती चैन, असं म्हणणाऱ्यांना एकदा त्या खुर्चीत बसवायला हवं. प्रवासाची दगदग वाचते, हे खरं. पण घरच्यांना वाटतं ही रिकामी आहे आणि ऑफिसला वाटतं ही झोपलीय. दोन्हीकडून बोलणी खायची. तरी तिला हेच हवं होतं. पडून खुबा मोडल्यापासून सासूबाईंना एकटं ठेवणं शक्य नव्हतं आणि नवरा दिवसभर कारखान्यात. परत ऑफिसात बोलावलं, तर नोकरीवरच पाणी सोडावं लागणार होतं.

मॅनेजरनं तंबीही दिली होती. पुन्हा फोनवर घरातला आवाज आला, की सोमवारपासून ऑफिसात.

आणि नेमकी त्याच्याच मीटिंगमध्ये दारावरची बेल वाजली. नणंद, सोबत दोन मैत्रिणी, आणि उंबऱ्यातूनच आरोळी, "वहिनी घरीच असते गं, टाकेल चहा!"

"झालं!" मॅनेजर स्क्रीनवरून कडाडला. "घर आहे की बाजार? सोमवारपासून इथं यायचं."

तिचं डोकं सणकलं.

"नाही येणार," ती म्हणाली. "तिथं मागच्या टेबलावर रोज कोणाचा ना कोणाचा वाढदिवस. गिऱ्हाईक बोंबलायचं आणि मला ऐकू यायचं नाही. इथं बसल्यापासून तक्रार मिटली नाही म्हणून माझ्या एका तरी गिऱ्हाइकानं पुन्हा फोन केलाय? घरात आवाज येतो, कारण घरात माणसं आहेत. माझ्या कामात खोट दाखवा, लगेच येते."

मॅनेजरनं घसा खाकरला.

"बरं, राहू दे. पण आत्ता तो गोंधळ तरी थांबवा."

ती उठणार, तेवढ्यात बाहेर काठी फरशीवर आपटली. खोलीच्या उघड्या दारातून सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं.

"हळू बोल जरा!" त्यांनी लेकीला दटावलं. "वहिनी घरात नाहीये. चहा हवाय तर स्वतः कर, आणि मलाही दे."

"अगं आई, ती काय समोर बसलीय!"

"पायातले बूट दिसत नाहीत का? ऑफिसात आहे ती."

संध्याकाळी तिनं बूट काढले आणि बाहेरच्या खोलीत आली. सासूबाईंनी मान वर करून पाहिलं.

"आलीस?" त्या म्हणाल्या. "बस जरा. दमली असशील."